गेमच्या मशीनचा बहार

व्हिडिओ गेमचं नवं मशीन बाजारात केव्हा उतरवावं, हे साऱ्या जगात एकट्या माझ्या साडूंना कळतं. मत त्यांचं स्वतःचंच आहे. पण पांढुर्ण्यात त्याला विरोध करणारा मला अजून भेटलेला नाही, कारण या विषयावर मत असलेला दुसरा माणूसच तिथे नाही. तिगावकडे त्यांची संत्र्याची बाग आहे आणि घराच्या पुढच्या खोलीत गेमचं दुकान. दोन टीव्ही, दोन जुनी मशीनं, बसायला संत्र्याच्या पेट्या. दोन्ही धंदे ते एकाच शास्त्राने चालवतात. संत्र्याला बहार आणायचा तर आधी पाणी तोडतात. पानं मलूल झाली की पाणी सोडायचं, मग झाड फुलांनी लगडतं. याला ताण देणं म्हणतात. "गिऱ्हाइकालेही ताण पाहिजे, साडभाऊ," ते मला सांगतात. "कंपन्या मशीन तयार झाली का इकून मोकळ्या होतात. मंग फूल कुठून धरीन?"

मशीनच्या आतल्या भागांबद्दलही त्यांचं मत पक्कं. पहिल्या लॉटचं घेऊ नये, ते तापतं. पुरावा घरातच होता. जुन्या मशीनच्या मागून अशी गरम हवा निघे की माझी मेहुणी तिच्यासमोर साबुदाण्याच्या पापड्या वाळवी, आणि गिऱ्हाईक नसलं तरी वाळवणासाठी मशीन चालू ठेवावं लागे. "त्या इंजिनियरले मे महिन्यात इथं टिनाखाली बसवा," साडू म्हणत, "मंग काढ म्हणा मशीन."

त्यामुळे नवं मशीन निघालं तेव्हा त्यांनी ते घेतलं नाही. काचेच्या कपाटात एक रिकामं खोकं ठेवलं आणि त्यावर लाल कापड टाकलं. पोट्टे विचारत, "काका, कधी लावता?" साडू म्हणत, "पानं सुकू दे." पोट्टे वाकून कापडाखाली पाहत. ताण लागू पडत होता. मी सौंसरला राहतो, आणि तिथे एकाने पहिल्याच लॉटचं मशीन आणून दुकान थाटल्याची बातमी मीच त्यांना दिली. "उन्हाळ्यात पाहा," ते शांतपणे म्हणाले. उन्हाळ्यात ते मशीन खरोखरच तापून बंद पडू लागलं, तेव्हा साडूंनी घरी पेढे आणले. आठवड्याभरात त्या माणसाने एसी लावला. ही शक्यता साडूंच्या शास्त्रात नव्हती.

पोट्टे बसने सौंसरला जाऊ लागले. ज्यांना जमलं नाही ते मोबाइलवर खेळू लागले. साडू दुसऱ्या लॉटची वाट पाहत बसले. मेहुणी म्हणाली, "झाडाले ताण देऊन राहिले का मारून राहिले?" खोली खतवाल्याला भाड्याने द्यायची, असं तिने मनाशी ठरवलंही होतं. शेवटी मोठ्या पंख्याचं, सुधारलेलं मशीन आलं. साडूंनी जामसांवलीच्या देवळात जाऊन नारळ फोडला, गुढीपाडव्याचा मुहूर्त धरला आणि मला बोलावून घेतलं.

कापड काढलं. दुपारपर्यंत कोणीच आलं नाही. मग आम्ही दोघेच पेट्यांवर बसून गाड्यांची शर्यत खेळलो. माझी गाडी दर वळणावर भिंतीवर आदळे.

"साडभाऊ, गाडीले ब्रेकही असते."

"सापडत नाही."

त्यांनी पुढची शर्यत लावली. मग टीव्हीकडे पाहतच म्हणाले, "ताण जास्त झाला, नाही?"

मी म्हणालो, "थोडा."

"हिवाळ्यातला आंबिया बहार चुकला. चुकते कधी कधी. ज्याचा आंबिया जाते, तो पावसावरचा मृग धरते. झाड तं हिरवं हाये ना."

आतून मेहुणीचा आवाज आला, "मृगापर्यंत. त्याच्यापुढं खोली खतवाल्याले."

मृगाला अजून अवकाश आहे. तोवर दर रविवारी मी सकाळच्या गाडीने पांढुर्ण्याला जातो आणि हरून परत येतो. ब्रेक मला आता सापडला आहे, पण फारसा फरक पडलेला नाही. मी निघालो की साडू दोन्ही रिमोट पुसून चार्जिंगला लावतात आणि दुकानाचं दार उघडंच ठेवतात. त्यांचा एक अंदाज मात्र अगदी बरोबर निघाला. नवं मशीन मुळीच तापत नाही. मेहुणीला यंदा पापड्या गच्चीवर उन्हात वाळवाव्या लागल्या.