झोपेसाठी बोललेला नोव्हेना

अखंड जागृती ही संतांची अवस्था आहे. आमच्या चर्चच्या रंगीत काचांवर असे दोन-तीन संत आहेत, हात जोडलेले, डोळे सताड उघडे. देहाची झोप जिंकलेल्या त्या माणसांत मीही काही काळ बसू शकलो असतो. मला ही अवस्था अंधेरीच्या एका डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गुलाबी गोळीने मिळाली.

गोळी का सुरू झाली ते आधी सांगतो. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती. त्या हिवाळ्यात मला काहीही झालं नव्हतं आणि तरी मी अंथरुणातून उठत नव्हतो. कुणी मेलं नव्हतं, नोकरी गेली नव्हती. औद्योगिक वसाहतीतल्या एका छापखान्यात मी मुद्रितं तपासायचो, तिथे जाणं मी हळूहळू बंद केलं. दाढी बंद केली, मग बोलणं बंद केलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचो. गावठाणात कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं पुस्तकं फार वाचली. शेवटी आई मला हाताला धरून मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांच्या गोळ्यांनी काही आठवड्यांत मी उठून बसलो. एके दुपारी सुकटीची चटणी खाताना मला चव लागली, आणि मी आणखी भात मागितला. आई स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ परत आली नाही. भात चुलीवरच होता, एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं.

सुरुवातीला गोळ्या दिवसातून तीनदा होत्या. मी सुधारलो तसं डॉक्टर म्हणाले, आता एकदाच घ्या, पण रोज ठरलेल्या वेळी, चुकवू नका. आमच्या घरात न चुकता ठरलेल्या वेळी घडणारी गोष्ट एकच होती, संध्याकाळची रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना. दिवा लागला की आई घरातल्या आल्तारासमोर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यासमोर, गुडघे टेकायची, मग विमान डोक्यावरून जावो की पाहुणा दारात उभा राहो. तिने गोळ्यांची बाटली मरियामातेच्या पायाशी ठेवली. माळ संपली, क्रूसाची खूण केली की गोळी माझ्या तळहातावर. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे गावाला जायची तिकिटं आणि नापास झालेल्यांची प्रगतिपुस्तकंही तिथेच ठेवतात.

आणि माझी झोप गेली. कमी झाली असं नव्हे, गेली. डोळा लागलाच तर स्वप्नं अशी पडत की त्यापेक्षा जागं राहणं बरं. छापखान्यात एका लग्नपत्रिकेवर मी नवऱ्यामुलाच्या जागी त्याच्या वडिलांचं नाव जाऊ दिलं. मालक समंजस होते. ते म्हणाले, "अहो, वधूपक्षाने हे आधी वाचलं म्हणून बरं." शेजारची रेजिनाबाय रोज सकाळी विहिरीवर मला न्याहाळायची. "काय रे, झोपलास?" "नाही." "दिसतंच आहे. बाजारातल्या बोंबलाचे डोळे बरे यापेक्षा."

एका रात्री जेवताना मी सांगून टाकलं, "उद्यापासून गोळी बंद." मला झोप हवी होती. आईने हातातला घास खाली ठेवला. तिला भिंतीकडे तोंड केलेला मी दिसत असणार. मलाही तो दिसत होता, पण थकलेल्या माणसाला उद्याच्या भीतीपेक्षा आजची उशी मोठी वाटते. गोळी घेतली तर झोप नाही, सोडली तर पुन्हा तो हिवाळा. निवड एवढीच होती, आणि मी चुकीच्या बाजूला झुकलो होतो.

"मला नऊ दिवस दे," आई म्हणाली. "गावच्या क्रूसाजवळ नोव्हेना करते. तू पण यायचंस. नऊ दिवस गोळी सोडायची नाही. नंतर तुझी मर्जी."

नऊ दिवस न चुकवता करायच्या या प्रार्थनेवर, नोव्हेनावर, माझा विश्वास नव्हता. देवाशी माझे संबंध तेव्हा दूरच्या नातेवाइकासारखे होते, नाताळला भेट, एरवी खुशाली. पण नऊ दिवसांना नाही म्हणण्याइतकं बळही नव्हतं. मी हो म्हणालो. तेवढंच माझं त्या सगळ्यातलं योगदान.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं, आई, रेजिनाबाय आणि मी, मेणबत्त्या घेऊन क्रूसाजवळ गेलो, तर तिथे प्रखर दिवे लागले होते. जवळच्या स्टुडिओतलं एक सिनेमाचं युनिट आमच्या क्रूसासमोर उतरलं होतं. नायिकेला तिथे रडायचं होतं. गावच्या पंचांनी क्रूसाला नवीन चुना लावून मिळेल या बोलीवर संध्याकाळ त्यांना देऊन टाकली होती, आणि नेहमीप्रमाणे बायकांना सांगायचं राहून गेलं होतं. जिला रडायचं होतं ती एका गाडीत मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. आयुष्यात मला कुणाही नटीचा एवढा हेवा वाटलेला नाही.

हातात कागद घेतलेला एक अनोळखी माणूस धावत आला. "मावशी, यहाँ नहीं, प्लीज. आठवडाभर संध्याकाळी आमचं शूटिंग आहे ना. सकाळी या, एकदम लवकर. तेव्हा क्रॉस तुमचाच."

"क्रूस आमचाच आहे," आई म्हणाली. "सकाळी पण आणि संध्याकाळी पण."

"बरोबर आहे, मावशी. पण लाइट आमची आहे."

रेजिनाबाय त्याला फाडून खायच्या तयारीत होती. आई मात्र त्या झगझगाटाकडे बघून म्हणाली, "ठीक आहे. मरियामाता पहाटे काही झोपलेली नसते." आणि आम्ही परत फिरलो.

घरातली रोझरीही त्या नऊ दिवसांपुरती क्रूसाजवळच व्हायची होती, त्यामुळे त्या संध्याकाळी माळ झाली नाही, म्हणून गोळीही मिळाली नाही. घरी मी हात पुढे केला तर आई म्हणाली, "माळेशिवाय कशी देऊ? पहाटे." ती गोळी मला क्रूसाजवळ मिळाली, साकीनाक्याकडच्या कारखान्यांचे पहिले भोंगे वाजत असताना. ओल्या चुन्याचा वास येत होता. मी पाण्याचा घोट घेतला आणि मनात म्हटलं, एक दिवस गेला.

त्यानंतर सगळं पहाटेच. मी तसाही जागा असायचो, उठायचा त्रास नव्हता. पहिल्या काही दिवसांत काहीच घडलं नाही. दोघी माळ म्हणायच्या, मी उत्तरं द्यायचो, आणि माझ्या लक्षात यायला लागलं की त्या वेळात मी कसलाही विचार करत नाही. रात्रभर मी स्वतःशी वाद घालायचो, सकाळी दुसऱ्यांनी शिकवलेले शब्द दुसऱ्यांच्या सुरात म्हणायचो. त्यात विश्रांती होती. विश्वास होता की नाही, सांगता येत नाही.

मग नोव्हेनाच्या मधल्याच एका दिवशी मी डोळे उघडले तर खोलीत ऊन होतं. अंगणात रेजिनाबायचा आवाज तापला होता. "मी गुडघे झिजवते आणि ज्याच्यासाठी नोव्हेना तोच घोरतोय! उठव त्याला!"

"हळू बोल गं," आई म्हणाली. "मग नोव्हेना कशासाठी होता?"

मी पडल्या पडल्या ते ऐकलं आणि हसलो. मोठ्याने हसायचं मी त्या हिवाळ्यापासून विसरलो होतो. आई गोळी आणि पाणी घेऊन आत आली. क्रूसाजवळची माळ दोघींनीच संपवली होती. तिने माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण केली. उरलेल्या दिवसांत पहाटे तिने मला हलवून उठवलं. नोव्हेना संपला तेव्हा गोळी सोडायचा विषय दोघांपैकी कुणी काढला नाही.

बातमी फादरांपर्यंत गेली. त्यांनी वेदीवरून चमत्कार जाहीर करण्याची तयारी केली. त्यांच्या आवाजात त्यासाठी एक खास थरथर होती. मी आधी डॉक्टरांना भेटून येतो म्हणालो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. गोळी पूर्वी कधी घेत होता, आता कधी घेता, एवढंच विचारलं, आणि म्हणाले, "ही गोळी काहींना जागं ठेवते. त्यांनी ती सकाळीच घ्यायची. मी बोललो नव्हतो?"

"तुम्ही ठरलेल्या वेळी म्हणालात."

"मग?"

"आमच्या घरात ठरलेली वेळ एकच आहे."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'सकाळी' असं लिहिलं. "आता बदलू नका," ते म्हणाले.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. मला वाटलं ती खट्टू होईल. ती तांदूळ निवडत होती. "म्हणजे डॉक्टरला ठाऊक होतं?" तिने विचारलं. हो म्हणालो. "आणि तुला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं कुणाला सुचलं नाही." एक खडा काढून तिने बाजूला टाकला. "मग गोळी पहाटेवर आणली कुणी?"

मी खूप वाचलं आहे, पण या प्रश्नाला मी आजवर उत्तर दिलेलं नाही. सिनेमावाल्यांनी, असं म्हणता येईल. पंचांच्या चुन्याच्या हौसेने, असंही. मी आपला देवाचे आभार मानतो आणि त्यात त्या कागदवाल्या अनोळखी माणसालाही धरतो. माझ्या हातात होतं तेव्हा मी गोळी फेकणार होतो. ज्या दिवशी मी थकून वेळ, गोळी आणि स्वतःला आईच्या स्वाधीन केलं, त्या दिवसापासून गोष्टी जागेवर येऊ लागल्या. शरण जाणं म्हणजे मोठं काही असेल अशी माझी कल्पना होती. बहुतेक वेळा ते दुसऱ्या कुणाला तरी ठरवू देणं असतं.

पुढे यथावकाश डॉक्टरांनी गोळी कमी करत करत थांबवली. झोप राहिली. पहाटे क्रूसाजवळ जायची सवयही राहिली. पाऊस असो, थंडी असो, मी रोज तिथे एकटा माळ म्हणतो. आई येत नाही. तिचं म्हणणं, नवस फिटला, आणि इतक्या पहाटे शहाणं माणूस उठत नाही.