पिल्लू कुठे ठेवायचं

दोर मी कापला आणि गाठ सुटली असं सांगितलं. ज्या माणसाने ती गाठ मारली होती, तो समोर उभा असताना सांगितलं. चूक एवढीच आहे. पण ती करायला माणूस किती हलका असावा लागतो, ते मला नीट लिहून ठेवायचं आहे.

मी श्रीरामपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. घर्षण, ताण, तरंगणाऱ्या वस्तू हे सगळं मी आयुष्यभर फळ्यावर काढत आलो. चार वर्षांपूर्वी मी आणि माझा एक मित्र, तो दातांचा डॉक्टर आहे, अशा आम्ही दोघांनी मिळून मुंबईच्या एका गृहस्थाकडून बावीस फुटी जुनी शिडाची बोट घेतली. आत दोघं आडवे होतील एवढी केबिन, एक स्टोव्ह, वर डोलकाठी. ट्रेलरवर घालून ती मुळा धरणाच्या फुगवट्यावर आणली. पोट सुटलेले, नीट पोहताही न येणारे आम्ही दोघं यॉटचे मालक झालो. डॉक्टरने पांढरी टोपी आणली, तिच्यावर सोनेरी नांगर होता. मी त्याला पोटभर हसलो आणि पुढच्या आठवड्यात तसलीच टोपी मागवली.

पहिल्याच फेरीत आमची अक्कल उघडी पडली. या बोटीच्या पोटाखाली लोखंडी पातं असतं, ते चांगलं कमरेएवढं खोल जातं. त्यामुळे बोट काठाला लागत नाही. धरणाचा काठ म्हणजे काही बंदर नव्हे. आज जिथे पाणी आहे तिथे महिन्याभराने चिखल असतो आणि त्यापुढच्या महिन्यात कोणीतरी कलिंगडं लावलेली असतात. मोठी बोट आत नांगरून ठेवायची आणि काठापर्यंत ये-जा करायला छोटी होडी हवी. इंग्रजी व्हिडिओंत तिला डिंगी म्हणतात. आम्हीही डिंगी म्हणू लागलो. पण दोन-दोन दिवसांच्या सफरीत ही डिंगी न्यायची कशी आणि ठेवायची कुठे, हे त्या व्हिडिओंतला प्रत्येक माणूस वेगळं सांगत होता आणि आम्ही ज्याचं शेवटी ऐकलं त्याच्यावर विश्वास ठेवत होतो.

आधी हवा भरायची रबरी आणली. घडी केली की बाकाखालच्या कप्प्यात मावते म्हणून. धरणाच्या काठाला बुडालेल्या बाभळी आहेत हे आम्हाला माहीत होतं. बाभळीला काटे असतात हेही माहीत असावं. दुसऱ्या रविवारी ती फुस्स झाली. मी ती घरी आणून गच्चीवर वाळत टाकली तेव्हा बायको म्हणाली, "हिची हवा गेली का? बरं झालं. आता तुमच्यातली कधी जाते बघू." मग एक फायबरची आणून पुढच्या बाजूला ठेवली, ती शिडाच्या दोऱ्या अडकवायची आणि नांगर टाकायला जागाच उरायची नाही. मग तीच मागे टांगली. बोटीचं बूड बसलं आणि नाक आभाळाकडे झालं. शेवटी टांगलेल्या जागीच तिची कड तडकली.

काठावर मासेमारी करणारे एक म्हातारे होते. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागलो. आमच्या गैरहजेरीत बोटीवर लक्ष ठेवायचं काम आम्ही त्यांना दिलं होतं. पण त्यांचं खरं काम दुसरंच होतं. त्या काठावर जे जे तरंगायचं ते मामा बांधायचे. मासे पाळायचे मच्छीमार सोसायटीचे पिंजरे, तराफे, पलीकडच्या वस्तीला जाणारी होडी. बांधून झालं की हात झटकायचे आणि मागे वळून न बघता चालू लागायचे. वारा कितीही येवो, मामांनी बांधलेलं जागेवर असायचं. त्यांच्याकडे शेत नव्हतं, शिक्षण नव्हतं. काठावर मान होता तो त्या गाठींमुळे.

आमचे तीन प्रयोग त्यांनी न बोलता पाहिले. चौथ्या वेळी मात्र ते आमच्या बोटीवर चढले, केबिनच्या छपरावर डोलकाठीपासून दारापर्यंत विती टाकत गेले आणि म्हणाले, "सर, पिल्लू आईच्या पाठीवर असावं. हितं पालथं घाला. खाली दोन ठोकळे, वरनं आडवा दोर. पाऊस साठत न्हाई, वारं धरत न्हाई."

"पण शिडाचा आडवा दांडा फिरताना तिला लागेल," मी म्हणालो. माझ्यातला मास्तर बोलला.

"मंग दांडा ईतभर वर घ्या की! त्यो काय देवाचा खांब हाय?"

तीन आठवड्यांत मामांनी स्वतः होडी बनवली. पत्रा कापून, रिव्हेट मारून, सांधे डांबराने भरून. छपराच्या मापाची, दोघांना उचलता येईल एवढी. नाकाला कडी लावली, कडीला दोर. ती छपरावर पालथी ठेवून पाहिली तर अशी बसली की जणू बोटीबरोबरच तयार झाली होती.

डॉक्टरने काठावरून फोटो काढला आणि तोंड वाकडं केलं. "अरे, हे काय दिसतंय? यॉटवर परात पालथी घातलीय. लग्नातल्या आचाऱ्याची गाडी वाटते."

मी हसलो. आणि फोटो बघून मलाही तेच वाटलं, हे कबूल करतो. एका माणसाने आमच्या बोटीचं माप हाताने घेऊन एक वस्तू घडवली आणि तिची जागा आम्ही फोटोत कसं दिसतं यावर ठरवली. व्हिडिओत डिंग्या मागे दोराने ओढत नेतात, त्या बोटीमागे बदकासारख्या डुलत येतात. तसं करायचं ठरलं.

ऑक्टोबरातला तो रविवार होता, धरण काठोकाठ भरलेलं. सकाळी मामांनीच दोराचं टोक आमच्या बोटीच्या मागच्या लोखंडी खुंटीला बांधलं. बांधता बांधता बोलत होते.

"माझी गाठ सुटायची न्हाई, सर. पर हे मागं वढनं काय बरं न्हाई. वारं आलं की पिल्लू आईच्या अंगावर येतं. न्हाईतर पानी पितं."

"मामा, जगभर ओढतात," डॉक्टर म्हणाला.

"जगाला मुळेचं वारं कुटं ठावं हाय?" मामा म्हणाले, हात झटकले आणि न बघता निघून गेले.

दुपारी तीनच्या सुमाराला परतीच्या पावसाचं वारं आलं. पाच मिनिटांत पाणी काळं झालं. होडी आधी दोनदा आमच्या बुडावर आदळली, मग आडवी झाली, आणि मग तिने पाणी घेतलं. पत्र्याची होडी पाण्याने भरली की ती होडी राहत नाही, नांगर होते. तिने आमची बोट मागून धरली. नाक वाऱ्याकडे वळेना, शीड पाण्याला टेकायला आलं. डॉक्टर केबिनच्या दाराला मिठी मारून "काप! काप!" म्हणून ओरडत होता. त्याची टोपी केव्हाच गेली होती. मी भाजीची सुरी घेतली आणि दोर कापला. होडी गेली. बोट सरळ झाली.

दोर कापणं चूक नव्हती. आजही तेच करीन. काठावर जाऊन "मामा, तुमचं ऐकलं नाही, होडी बुडाली, दोर कापावा लागला" एवढं म्हणायचं होतं. त्यात आमची फजिती झाली असती, चहाबरोबर दोन रविवार पुरली असती आणि संपली असती.

पण मी काय केलं ते सांगतो. वारा पडल्यावर बोट काठाकडे चालली होती आणि मागच्या खुंटीला दोराचा हातभर तुकडा तसाच होता. मी तो सोडायला बसलो. गाठ ओली होऊन, ताण बसून दगड झाली होती. मी सुरीच्या टोकाने उचकटली, दातांनी ओढली. उजव्या अंगठ्याचं नख मुळापासून उललं. काठ जवळ येईपर्यंत मी त्या गाठीशी झुंजत होतो. अखेर ती सोडली आणि तुकडा बाकाखालच्या कप्प्यात, लाइफ जॅकेटांच्या खाली कोंबला. डॉक्टर बघत होता. त्यानेच कप्प्याचं झाकण लावलं. म्हणजे तेव्हाच आमचं ठरलं होतं.

काठावरच्या शेडमध्ये मासे तोलणं चालू होतं. पाच-सहा जण होते, मामा होते. आम्हाला आणायला तराफा आला. शेडमध्ये पाय ठेवताच एकाने विचारलं, "पिल्लू कुटं सोडलं?"

मी म्हणालो, "गाठ सुटली."

अंगठा मुठीत दडवलेला होता. नखातून रक्त येत होतं.

मामा म्हणाले, "सुटली?"

"हो मामा. वाऱ्यात सुटली."

ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. तोलणारा हसून म्हणाला, "मामा, म्हातारपन गाठीला आलं जनू!" आणखी कोणी म्हणालं, "आता पिंजरं बी फिराया जात्याल, महाबळेश्वरला!" सगळे हसले. मीही थोडं हसलो. हे मी विसरू शकत नाही. खोटं बोललो ते एक, पण त्या हसण्यात मी सामील झालो.

पंधरा दिवसांत सोसायटीने पिंजरे बांधायचं काम दुसऱ्याला दिलं. कोणी वाईट बोललं नाही. "आता आराम करा" म्हणाले. आमच्या बोटीवर लक्ष ठेवायचं काम मामांनी सोडलं नाही. पण एक गोष्ट मला प्रत्येक रविवारी दिसायची. कुठलीही गाठ मारली की मामा चार पावलं जायचे, थांबायचे, परत यायचे आणि ती ओढून बघायचे. कधी दोनदा. मागे वळून न बघणारा माणूस माझ्या दोन शब्दांनी मागे बघायला लागला होता. मी काठावर उभा राहून ते बघायचो आणि मग बोटीवर जाऊन चहा करायचो.

त्यात मला भीतीही होती. होडी धरणाच्या तळाशी होती, आणि धरण उन्हाळ्यात उतरतं. तिच्या नाकाला कापलेला दोर होता. मी रोज पेपरात धरणाचा साठा बघू लागलो. स्टाफरूममध्ये बेलापूरकडचे एक सहकारी कळवळून म्हणाले, "कॅनॉलचं आवर्तन लांबलं तर ऊस जळेल हो." मी म्हणालो, "घाई कशाला? पाणी जपून वापरावं." अख्ख्या जिल्ह्यात कॅनॉलला पाणी सुटू नये असं वाटणारा मी एकटाच असेन. लोकांची उभी पिकं वाळली तरी चालतील, पण माझं खोटं ओलं राहावं, इथवर मी आलो होतो.

आवर्तनं सुटली. मे महिन्यात डॉक्टरचा फोन आला. "डिंगी सापडली म्हणे चिखलात. मामांनीच काढली. तू गप्प राहा. कोणी काही विचारत नाहीये. आणि समजा विचारलं, तर दोराचं टोक खडकावर घासून तुटलं म्हण. तुझंच भौतिकशास्त्र आहे."

त्या रविवारी मी एकटाच गेलो. भेगाळलेल्या गाळातून बरंच चालावं लागलं. बोट खाली उरलेल्या पाण्यात होती. तिच्या छपरावर होडी पालथी घातलेली होती. गंज खरवडून नवं डांबर फासलेलं, खाली बाभळीचे दोन ठोकळे, वरून आडवा दोर. शिडाचा दांडा वीतभर वर घेतला होता.

पाण्यापाठोपाठ खाली हलवलेल्या शेडबाहेर मामा जाळं दुरुस्त करत होते. मान वर न करता म्हणाले, "सर, दांडा ईतभर वर घेतलाय. शिडाला काय अडचन न्हाई. बघून घ्या."

मग जाळं खाली ठेवून ते उठले. त्यांच्या तराफ्यावरून मला बोटीपाशी सोडलं आणि पाठ करून बसले.

मी छपरावर हात टाकून होडीचं नाक चाचपलं. कडीला दोर होता. त्याचं कापलेलं टोक मामांनी दोऱ्याने घट्ट गुंडाळून ठेवलं होतं, पीळ सुटू नये म्हणून. सुरीने कापलेलं टोक कसं असतं हे ज्याने आयुष्यभर दोर हाताळला त्याला कळणार नाही, असं डॉक्टरला वाटत होतं. मलाही तसंच वाटावं अशी माझी इच्छा होती. मामांना ते चिखलातच कळलं असणार. त्यानंतर त्यांनी गंज खरवडला, डांबर आणलं, कोणाची तरी मदत घेऊन ती वर चढवली. काठावर एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर दोन मिनिटांत मान परत आला असता. ते त्यांनी माझ्यासाठी ठेवलं की माझी परीक्षा बघितली, मला ठाऊक नाही. मी विचारलेलं नाही.

बाकाखालचा कप्पा उघडला. लाइफ जॅकेटांखाली तो तुकडा होता.

शेडमध्ये मासे तोलणं चालू होतं. तोच तोलणारा, तेच पाच-सहा जण. मामा मला काठावर आणून सोडून पुन्हा जाळ्याशी बसले होते. मी त्यांना म्हणालो, "मामा, जरा आत या." ते म्हणाले, "हितंच बरं हाय." मी पुन्हा म्हणालो. ते उठून दारात उभे राहिले.

मी तो तुकडा तराजूच्या शेजारी ठेवला. तोलणारा म्हणाला, "ह्ये काय, सर? मासा न्हाई गावला, म्हनून दोर तोलायचा का?" कोणीतरी हसलं.

मी म्हणालो, "हसू नका. आधी ऐका. ऑक्टोबरात मी इथे उभा राहून म्हणालो होतो की मामांची गाठ सुटली. ते खोटं होतं. होडी मागे ओढू नका असं मामांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तिच्यात पाणी भरलं, मी घाबरलो आणि दोर कापला. हा तो तुकडा. याची गाठ सोडताना माझं नख निघालं, तरी ती सुटत नव्हती. तुम्ही सगळे मामांना हसलात तेव्हा मीही हसलो. त्यांचं काम गेलं ते माझ्यामुळे गेलं, आणि मी सात महिने गप्प बसलो."

मग मी मामांकडे वळलो. टोपी डोक्यावर होती, ती काढली.

"मामा, तुमची गाठ पक्की होती. मी खोटं बोललो. मला माफ करा."