पाहुण्यांना तंजावर दाखवताना

आमच्या तंजावरला आलेला पाहुणा मोठं देऊळ बघतो, राजवाडा बघतो, मान हलवणारी एक बाहुली विकत घेतो आणि जाताना एक किस्सा मागे ठेवून जातो. देऊळ तेच, राजवाडा तोच. किस्से मात्र वाढत जातात! आम्हा तिघांकडे तर नुसता ढीग साचला होता.

तिघं म्हणजे पोस्टातले सेतूराव, तालुका कचेरीतला पंचू आणि हायस्कुलात भूगोल शिकवणारा मी. सेतूराव आणि मी राजवाड्यामागच्या गल्लीतले. पंचू मूळचा जवळच्याच पापनाशम गावचा, नोकरी लागल्यावर आमच्याच गल्लीत भाड्यानं राहायला आला. घरात मराठी, बाहेर तमिळ, कचेरीत इंग्रजी असा आमचा कारभार. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली दहा-पंधरा वर्षं. महाराष्ट्रातून कुणीही स्टेशनावर उतरलं, की जटका हाकणारा टांगेवाला त्याला विचारत बसायचाच नाही. थेट आम्ही रोज बसायचो त्या कॉफी क्लबासमोर आणून उभा करायचा आणि ओरडायचा, "रावजी, तुमची माणसं आली!"

झालं! आमची संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

*

एकदा पुण्याचे एक रिटायर्ड इंजिनियर आले. सेतूरावांनी त्यांना नेहमीची हकिगत ऐकवली, की मोठ्या देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही.

"अशक्य!" इंजिनियर म्हणाले. "मी स्वतः बघणार."

दुपारी तीनची वेळ, उन्हाळ्याचे दिवस, आणि देवळात चपला बाहेर काढलेल्या. अंगणातले दगड तव्यासारखे तापलेले. इंजिनियरसाहेब वर शिखराकडे बघत चार पावलं शास्त्रीय पद्धतीनं चालले. पाचवं पाऊल नाचत टाकलं. त्यानंतर धोतर सावरत जे पळत सुटले ते एका गार पट्ट्यात जाऊन थांबले.

तिथून त्यांनी विजयी आवाज दिला, "अहो सेतूराव, मी सावलीत उभा आहे! शिखराची नाही, तर मग ही सावली कुणाची?"

सेतूराव शांतपणे म्हणाले, "आतां तुमचीच! उभे राहा निवांत."

*

सोलापूरच्या एका वकिलांना गाण्याचं वेड. बोलण्यातही चांगल्या गोष्टीला भरभरून दाद द्यायची सवय. देवळाच्या दारात हत्तीण उभी होती. कपाळावर रंगीत नक्षी, गळ्यात घंटा. वकीलसाहेब हरखून गेले आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "वा!"

आता तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये'. हत्तीण आज्ञाधारक. एक पाऊल पुढे आली.

"वा, वा!" वकीलसाहेबांना आणखी आनंद.

हत्तीण आणखी दोन पावलं आली. माहूत मागून काहीतरी ओरडला, पण बोलावणारा माणूस समोर असताना ती कशाला ऐकते? सोंड वकीलसाहेबांच्या टोपीपर्यंत पोचली, तेव्हा ते भिंतीला चिकटून उभे होते, आणि भीतीनं तोंडातून तेवढा एकच शब्द फुटत होता, "वा... वा... वा..."

"अहो, तिची स्तुती थांबवा!" पंचू ओरडला. "नाहीतर तुमच्याबरोबर सोलापूरला येईल!"

*

त्याच वकिलांची बायको बाजारात गेली. भाजीवाली तमिळमध्ये काहीतरी म्हणाली. ते न कळल्यामुळे बाईंनी विचारलं, "काय?"

तमिळमध्ये 'काय' म्हणजे फळभाजी. भाजीवालीनं वांगी पुढे केली, "कत्तरिक्काय."

"काय?"

"वाळैक्काय." कच्ची केळी आली.

"अगं, काय म्हणतेस काय?"

दोनदा 'काय' ऐकल्यावर भाजीवालीनं भेंडीसुद्धा पिशवीत टाकली. बाई धर्मशाळेत परतल्या त्या डोक्यावर भाजीची टोपली दिलेल्या हमालासकट. नवऱ्यानं ती टोपली बघितली आणि तोही म्हणाला, "हे काय?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही नका विचारू! आता टोपलीतही जागा नाही!"

*

साताऱ्याकडची एक मंडळी रामेश्वर करून आली होती. राजवाडा दाखवून बाहेर पडलो आणि त्यांच्या लक्षात आलं, की म्हातारी यमुनाबाई बरोबर नाहीत. एकच पळापळ! मुलगा घामाघूम, सून रडकुंडीला. "आईंना मराठीशिवाय एक अक्षर येत नाही हो! कुणाला काय विचारतील?" संध्याकाळची गाडी गाठायची होती. पंचू पोलीस ठाण्याकडे धावला, सेतूराव सायकलवरून स्टेशनाकडे, मी गल्ल्या पालथ्या घालत निघालो.

अर्धा तास फिरलो. प्रत्येक विहिरीत वाकून बघायचो. शेवटी आमच्याच गल्लीच्या टोकाला कावेरीबाईंच्या घरातून भांडणाचा आवाज ऐकू आला. आत डोकावलो, तर यमुनाबाई पदर खोचून चुलीपाशी बसलेल्या, आणि समोर कावेरीबाई हातात डाव घेऊन उभ्या.

"अहो, इथे कशा आलात तुम्ही?" मी विचारलं.

"ही पोराला मराठीतून रागे भरत होती. ऐकलं आणि आत आले," यमुनाबाई म्हणाल्या.

"सगळे तुम्हाला शोधतायत!"

"शोधू दे. आधी हिला सांगा, आमटीत गूळ घालतात म्हणून!"

कावेरीबाईंचा आवाज चढला. "आमच्यांत नाहीं घालत! तीनशें वर्षें नाहीं घातला!"

"म्हणजे तीनशे वर्षं चुकताय!"

मुलगा आला, आईला बघून तिथेच मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. यमुनाबाईंनी त्याच्या पाठीवर हात फिरवला, आणि दुसऱ्या हातानं पातेल्यात गुळाचा खडा टाकला. कावेरीबाईंनी तो बघितला. लगेच अर्धी आमटी दुसऱ्या पातेल्यात ओतून घेतली, गूळ विरघळायच्या आत!

गाडी अर्थातच चुकली. मंडळी दुसऱ्या दिवशी गेली. जाईपर्यंत दोघींनी एकमेकींच्या आमटीला नावं ठेवली आणि निरोप घेताना गळ्यात गळे घालून रडल्या.

*

आता पंचूचं सांगतो.

पाँडिचेरीहून एक म्हाताऱ्या फ्रेंच बाई आल्या होत्या. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या कुठल्यातरी जुन्या, तटबंदीच्या शहरातल्या. पंचूच्या साहेबांनी हुकूम सोडला, "तुझं इंग्रजी चांगलं आहे, तू दाखव त्यांना गाव." रविवार होता, म्हणून सेतूराव आणि मीही गेलो. तर बाईंना इंग्रजी येत नव्हतं! त्यांचा ड्रायव्हर पाँडिचेरीचा, त्याला तमिळ आणि फ्रेंच दोन्ही यायचं, पण देवळापाशी पोचताच टायर बसला आणि तो त्याच्या मागे गेला.

पंचू डगमगला नाही. "इंग्रजी त्यांना येत नाही, आणि मला बोलून दम लागतो. मी आपला मराठीत बोलतो!" आणि खरोखरच सुरू झाला. बाई फ्रेंचमध्ये उत्तरं देऊ लागल्या. शिखरावर हॅट घातलेल्या माणसाचा एक चेहरा कोरलेला आहे. बाईंनी तो बघितला आणि बोट दाखवून खूप हसल्या. पंचू म्हणाला, "होय, तुमच्याकडचेच कुणीतरी. आधीच येऊन जागा धरून बसलेत!" बाई आणखी हसल्या. आम्हाला पंचूची गंमत वाटत होती.

दुपारी टायर ठीक झाला आणि आम्ही कावेरीवरचं जुनं धरण, कल्लणै, बघायला गेलो. ड्रायव्हर गाडी पुसत लांब थांबला. सेतूराव आणि मी शहाळी आणायला गेलो. परत येतो तो पंचू आणि बाई पाण्याकडे तोंड करून पायरीवर बसलेले. बाई पाण्याकडे बोट करून हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या आणि पंचू गप्प बसून ऐकत होता. पंचू, आणि गप्प! मग बाई थांबल्या आणि पंचू बोलायला लागला. मध्येच त्यानंही पाण्याकडे हात केला. बाईंनी त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

आम्ही शहाळी घेऊन तसेच उभे राहिलो. जवळ जावंसं वाटेना.

संध्याकाळी गाडी गावात परतली. पंचूच्या दारापाशी आम्ही उतरलो. बाईही उतरल्या आणि ड्रायव्हरला काहीतरी म्हणाल्या. ड्रायव्हर पंचूकडे वळला आणि तमिळमध्ये म्हणाला, "सार, मॅडम विचारतात, तुमचा धाकटा भाऊ नदीत गेला तेव्हा केवढा होता?"

सेतूरावांनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं रोज संध्याकाळी एका बाकावर बसून कॉफी प्यायलो होतो. पंचूला भाऊ होता हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

"धरणावर ह्याचं बोलणं तुम्ही बाईंना फ्रेंचमध्ये सांगितलंत का?" मी ड्रायव्हरला हळूच विचारलं.

"मी? मी गाडीपाशी होतो, सार."

पंचूनं आमच्यापैकी कुणाकडेच बघितलं नाही. बाईंकडे बघत त्यानं तळहात आपल्या कमरेपाशी आडवा धरला आणि मराठीत म्हणाला, "एवढा."

बाईंनी मान हलवली. मग आपलाही हात पुढे केला आणि त्याच्या हाताशेजारी, थोडा वर, तसाच आडवा धरला.