आभार आधी, पाणी मागून

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात मिळालेल्या वस्तूबद्दल आभार मानताना आमच्या पेटीवाल्या काकांना कुणी पाहिलं असेल, तर त्यानं माझ्यासमोर यावं. ते शक्यच नाही. वस्तू हातात पडेपर्यंत काकांचे आभार मानून कधीच संपलेले असतात. गावच्या छोट्याशा चर्चमध्ये ते पेटी वाजवतात, म्हणून पेटीवाले. मी त्यांच्या मंडळीतला नव्हे. मी पत्रकं काढणारा माणूस. देवाशी माझं भांडण नाही. देवाचं नाव पुढं करून गरिबाला गप्प बसवणाऱ्यांशी आहे. आणि बरेच दिवस मी काकांना त्यांच्यातच धरत होतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

एसटीचंच घ्या. रोहिणखेडची गाडी आमच्या फाट्यावर सहसा थांबत नाही. बाकीची माणसं हात करतात, ओरडतात, धूळ खातात. काका टोपी काढतात आणि गाडी अजून वळणावर असतानाच हात जोडून म्हणू लागतात, "थांबला बापू, लय उपकार झाले!" ड्रायव्हरला वाटतं कुणी ओळखीचं दिसतंय, आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. नाताळचा सदरा शिवायला टाकला की माप घ्यायच्या आतच ते शिंप्याला पोटाशी धरतात : "काय झकास शिवला!" शिंपी एकदा मला म्हणाला, "या बुढ्याचं कापड पाह्यलं की मले घाम सुटते. दुसऱ्याले उद्या ये म्हणता येते. यानं तं आशीर्वाद देऊन टाकले न!" जेवायला बसले की अन्नाचे आभार तर मानतातच, शिवाय ते नीट पचल्याचे आणि दुपारी डोळा लागल्याचेही मानून घेतात. तोवर आमटीवर साय धरते. लग्नाच्या वेळी मुलगी पाहायला गेले, तेव्हा चहा यायच्या आधीच सासऱ्याच्या पाया पडून म्हणाले, "पोरगी देल्ली, उपकार झाले." काकू अजून ऐकवतात, "माह्या बापानं हाव म्हटलंच नाई. या माणसानं म्हणूच देल्लं नाई!"

मी एकदा चिडून विचारलं, "काका, हा काय प्रकार आहे?"

"भाकरी पाच, जेवणारे पाच हजार," काका शांतपणे म्हणाले. "प्रभूनं आभार कवा मानले? भाकरी वाटाच्या आंधी. पोट भरल्यावर तं कोणीबी मानते बे."

मग दुष्काळाचं साल आलं. शेतं भुईसपाट झाली आणि सगळं गाव सरकारी कामावर खडी फोडायला गेलं. पेटीच्या पट्ट्यांवर चालणारी काकांची बोटं हातोडीला लागली. माझा संताप वेगळ्याच गोष्टीचा होता : चारशे माणसं उन्हात दगड फोडताहेत आणि कामावर पिण्याच्या पाण्याचा थेंब नाही! बायका घरून आणत तो घागरभर साठा दहा वाजेपर्यंत संपायचा. एक बाळंतीण चक्कर येऊन खडीच्या ढिगावर पडली, त्या दिवशी मी तिसरं पत्रक काढलं. 'माणसं आहेत की दगड?' असा जळजळीत मथळा दिला. कामाचा हुकूम ज्यांच्या हाती, त्या साहेबांच्या कचेरीत त्याच्या पुड्या झाल्या असाव्यात. मग अर्ज लिहिला आणि काकांकडे गेलो, कारण त्यांची सही पहिली पडली तर बाकीचे मागं राहत नाहीत.

काकांनी चष्मा लावून अर्ज वाचला. "याच्यात निषेध पाच खेपा आला बापू. पाणी एकच खेप."

"मग तुम्हीच सांगा, लिहितो!"

"लिही. साहेबानं खडीवर पाण्याचा टँकर पाठवला, त्याबद्दल मंडळी येत्या रविवारी कामावरच उपकारस्तुती करून राह्यली. साहेबानं यावं."

"टँकर आलाय कुठे?"

"लिही न बे!"

मी दात ओठ खात लिहिलं. दर वर्षी चर्चमध्ये हंगामाची उपकारस्तुती होते, घरटी पहिलं पीक आणून ठेवतात. यंदा लोक काय आणणार म्हणून पाळकसाहेब ती रद्दच करणार होते. काकांनी ती खडीवर नेली. आणि कचेरीतले साहेब खरंच आले! त्या साली त्यांचे आभार मानणारं पत्र त्यांना बहुधा तेवढं एकच आलं असावं. लोकांनी होतं ते आणलं : रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, आणि काकांनी टोपलीभर खडी. "यंदा हेच पिकलं," ते म्हणाले आणि पेटीवर बसले.

गाणी झाली, प्रार्थना सुरू झाली. काकांची प्रार्थना किती चालते हे मंडळीला ठाऊक होतं, साहेबांना नव्हतं. काका उन्हाचे आभार मानून हातोडीकडे वळले, तोवर साहेबांचा रुमाल चिंब झाला. त्यांनी शिपायाला हळूच पाणी मागितलं. शिपायानं बायकांकडे पाहिलं, बायकांनी काकांकडे.

काकांनी डोळे उघडले. चेहरा आनंदानं फुललेला. "पाणी न साहेब? त्याच्याच आभाराची पाळी तं आता येऊन राह्यली! तुम्ही देल्लं न!"

मागून एक म्हातारी म्हणाली, "आमीबी वाटच पाहून राह्यलो, बावा."

कुणी हसलं नाही. साहेबांनी खिशातलं पत्र काढून पुन्हा वाचलं, घडी घातली आणि आमेनपर्यंत उभे राहिले. मग जीपमध्ये बसले.

मंगळवारी सकाळी टँकर आला. माणसं भांडी घेऊन धावली. मी काकांना शोधत गेलो. ते रांगेच्या अगदी शेवटी लोटा घेऊन उभे होते.

"काका, काय डाव टाकलात! माझी तीन पत्रकं एकीकडे..."

काकांचा चेहरा उतरला. "डाव? मी देवापुढं बोललो बापू. सगळ्यायच्या देखत."

रांग सरकली, लोटा भरला. ते तिथंच खाली बसून प्यायले. मी चाचरत विचारलं, "आता आभार नाही मानायचे?"

"ते रविवारी झाले न." त्यांनी हनुवटीवरचं पाणी पुसलं. मग रस्त्याकडे पाहिलं. "काल मी एकबी दगड फोडला नाई. हातोडी हातात, अन् डोये या रस्त्यावर. टँकर नाई आला तं मी देवाले खोटं पाडलं, असं वाटे. लेकरायकडं पाहवत नोतं. सोमवार लय लांब होता बापू."

मला वाटत आलं होतं, या माणसाला आभार फुकट पडतात. मी त्यांच्या हातातला लोटा घेतला आणि पुन्हा भरून आणून दिला.