सकाळची वेळ कोणाच्या सोयीची

आमच्या घरात देवांचे कॅलेंडर नव्हते, पत्रके होती. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि छापून उरलेली पत्रके घरी आणायचे. संपाची, सभेची, निवडणुकीची, जयंतीची, एकाच आठवड्यात एकमेकांना खोटे ठरवणारी. मी अक्षरे त्यांवरच शिकले. त्यामुळे कोणी सरळ बोलत असेल यावर माझा लहानपणापासून विश्वास नाही. घरी लग्नपत्रिका आली तरी मी वधूवरांच्या आधी खालची ओळ वाचायची. बोलावतो कोण आहे आणि त्याचे काय अडले आहे, हे आधी कळलेले बरे.

अशा मुलीला एक बँड आवडावा, हे माझे मलाच खटकत होते. आमच्याकडे बँड म्हणजे वरातीपुढचा आणि ऑर्केस्ट्रा म्हणजे सिनेमाची गाणी हुबेहूब म्हणणारा. हे चार पोट्टे दोन्हींत बसत नव्हते. एकाकडे जुनी विजेची गिटार होती. दुसऱ्याची गिटार सुताराने शाळेच्या मोडक्या बाकाच्या लाकडातून करून दिलेली. तिसरा ड्रम वाजवायचा, चौथा गायचा. सिनेमाचे गाणे म्हणा म्हणून चिठ्ठी आली की ते ती वाचून दाखवत आणि बाजूला ठेवत. गाणी त्यांची स्वतःची होती. नळावरच्या रांगेचे, रॉकेलच्या डब्याचे आणि सगळ्यांत मोठे, गिरणीच्या भोंग्याचे. माईकवरून आमच्या बोलीतला ‘काहून’, म्हणजे ‘का’, हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो त्यांच्या गाण्यात, आणि तो कोणाला हसवण्यासाठी म्हटलेला नव्हता. एका कॉलेजात त्यांची हुर्यो उडवली गेली, तेव्हा मी पुढच्या रांगेत उभी राहून उडवणाऱ्यांशी भांडले होते.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली त्या मे महिन्यात भिंतींवर त्यांची जाहिरात लागली. गिरणीमागच्या शाळेचे मैदान, प्रवेश सर्वांना मोकळा, वेळ सकाळी साडेपाच. खाली कूलर विकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या दुकानाचा पत्ता. हा व्यापारी पुढच्या निवडणुकीत उभा राहणार, असे इतवारीच्या बाजारापासून आमच्या गल्लीपर्यंत सगळे बोलत होते.

मी जाहिरातीपुढे उभी राहून विचार केला. गिरणीची पहिली पाळी सातला आत जाते. माणसे सहाला डबा घेऊन घरून निघतात. म्हणजे भोंग्याचे गाणे ज्यांचे, त्यांनाच ते ऐकता येणार नाही. ऐकणार कोण, तर सकाळी फिरायला निघणारे आणि कूलर घेण्याची ऐपत असणारे. गाणे कामगारांचे, टाळ्या व्यापाऱ्याच्या. माझ्या बँडला कोणीतरी खिशात घातले होते.

आई म्हणाली, “सकाळचं आहे तर जाय. रात्रीचं असतं तर नसतं जाऊ दिलं.” मला त्यातही डाव दिसला. मुलींच्या आयांनाही गप्प केले होते.

त्याच दुपारी मी पत्रक लिहिले. मथळा होता, ‘सकाळची वेळ कोणाच्या सोयीची?’ मधे कूलरवाल्याच्या निवडणुकीचा परिच्छेद होता आणि शेवटचे वाक्य होते, ‘स्वाभिमानी कामगाराने या मैदानात पाऊल टाकू नये.’ ते वाक्य मला फार आवडले होते. बाबांनी छापखान्यात काम संपल्यावर ते जुळवायला घेतले. वाचून झाल्यावर चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“त्यायले विचारलं का वं?”

“ते काय सांगणार?” मी म्हणाले.

बाबांनी पुढचा खिळा उचलला. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्ये जुळवली होती. लेकीचीही जुळवली.

कार्यक्रमाच्या दिवशी पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी आणि माझी शेजारीण पाचलाच मैदानावर पोचलो. ती माझ्या वर्गातली. समोरच्या गाडीवरचे तर्री पोहे कबूल केल्यावर ती यायला तयार झाली होती. फाटकावर उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला पत्रक द्यायचे, हे काम मी तिच्याकडे दिले.

“म्हणजे तू आत बसून गाणं ऐकणार, अन् मी बाहेर उभी? मस्त आहे तुहा समाजवाद.”

“मी पुरावे गोळा करायला जाते आहे.”

“कर ना. ताल धरून कर.”

आत मैदानावर पाणी मारलेले होते. वाळ्याचा वास येत होता आणि मंचामागे कूलरवाल्याचे नाव लिहिलेला कापडी फलक होता. मी वहीत टिपत गेले. पाणी कोणाच्या टँकरचे? कर्णे गिरणीच्या चाळींकडे पाठ करून का लावले आहेत? डाव्या बाजूला मुलीच मुली बसल्या होत्या. इतक्या मुली मी कुठल्याच ऑर्केस्ट्राला पाहिल्या नव्हत्या. तेही मी टिपले, पुढे प्रश्नचिन्ह टाकून.

रांजणापाशी ड्रमवाला पाणी प्यायला आला. आमची ओळख नव्हती. मी त्याला मंचावरच पाहिलेले.

“काय लिहून राहिली वं?”

“नोंदी.”

“पोलिसातली आहे का?” त्याने पाण्याचा गडवा तोंडाला लावला, मग म्हणाला, “सातपर्यंत थांबजो. खरं गाणं सातले आहे.”

“सातला तर पहिली पाळी आत जाते.”

“हाव ना,” तो म्हणाला आणि हसत मंचाकडे गेला.

मी लिहिले, ‘सातची वेळ मुद्दाम ठरवलेली. स्वतःच्या तोंडाने कबुली.’ खाली दोन रेघा ओढल्या.

कार्यक्रम सुरू झाला आणि माझी पंचाईत झाली, कारण ते चांगले वाजवत होते. नळाच्या रांगेचे गाणे त्यांनी इतके हळू घेतले की पहिल्या कडव्यात कळशी भरल्याचा भास झाला. माझा पाय हलायला लागला तेव्हा मी तो दुसऱ्या पायाखाली दाबला. साडेसहाला ऊन कडुलिंबावरून खाली उतरले आणि लोक माझ्या पत्रकाने वारा घ्यायला लागले. काहींनी ते अंथरून त्यावर बैठक मारली होती. वाचताना कोणी दिसले नाही. एका बाईने तर त्यात लेकरासाठी केळे गुंडाळून ठेवले.

सातला पाचसहा मिनिटे होती तेव्हा गाणारा बाजूला झाला आणि ड्रमवाला माईकपाशी आला. तो बोलायला लाजत होता, हे दिसत होते.

“मी इथंच गिरणीत आहो, दुसऱ्या पाळीले,” तो म्हणाला. “दुपारी आत जातो, रात्री बारा वाजता सुटतो. म्हणून आमाले संध्याकाळी वाजवता येत नाही. आमच्या खात्यातल्या लोकायनं मले वाजवताना कधी पाह्यलं नाही. दोन महिने झाले, रातपाळीवाले अधूनमधून लवकर येऊन माह्या जागी काम करून राहिले, मी तालमीले जावा म्हणून. ते आता सातले सुटतीन अन् सरळ इकडं येतीन. हे गाणं त्यायच्यासाठी आहे.”

रातपाळी. मी वही मिटली. गिरणीत पाळ्या तीन असतात. सातला एक आत जाते तेव्हा एक बाहेर येते. रातपाळीच्या भत्त्याचे पत्रक त्याच उन्हाळ्यात युनियनसाठी मी स्वतः लिहिले होते. भत्त्याची मागणी तोंडपाठ होती आणि ती माणसे सकाळी कुठे असतात, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते.

विजेच्या गिटारवाल्याने एकच तार छेडली आणि धरून ठेवली. तेवढ्यात भिंतीपलीकडे खरा भोंगा झाला. तार आणि भोंगा एकाच सुरात होते. त्याने कितीतरी दिवस कुठल्यातरी गच्चीवर बसून तो सूर जुळवला असणार. भोंगा शेवटी खाली घसरतो, तसे त्याचे बोटही तारेवरून घसरत गेले, आणि भोंगा थांबला तिथे ड्रम सुरू झाला. रोज सकाळी कानांवर हात ठेवून मी जो आवाज टाळत आले, त्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी आले.

गाणे अर्ध्यावर आले तेव्हा मी फाटकाकडे पाहिले. केसांत कापसाचा भुगा घेतलेली वीसपंचवीस माणसे फाटकावर पोचली होती आणि माझी शेजारीण, जिला मी स्वतः तिथे उभे केले होते, त्या प्रत्येकाच्या हातात इमानाने पत्रक देत होती. सकाळपासून पहिल्यांदाच ते कोणीतरी वाचत होते. माणसे आत न येता थांबली होती.

मी बसलेल्या लोकांच्या मधून, कोणाच्या पायावर पाय देत धावले. एक वयस्कर कामगार बाकीच्यांना पत्रक मोठ्याने वाचून दाखवत होता. शेवटचे वाक्य त्याने दोनदा वाचले.

“कोनं लिवलं हे?”

शेजारणीने क्षणभरही न थांबता माझ्याकडे बोट केले.

“मी,” मी म्हणाले.

“इथं लिवलं आहे, पाऊल टाकू नये. अन् तू तर आतूनच येऊन राहिली.”

“ते कामगारायसाठी आहे ना गा काका,” एक तरुण म्हणाला. “तिले चालते.”

दोघेतिघे हसले. काका हसले नाहीत. “जाव का नाही जाव, ते सांग. छापलेलं खरं का तू खरी?”

“छापलेलं चूक आहे. तो तुमच्यासाठीच वाजवतो आहे. जा, लवकर जा.”

“आज छापलेलं चूक निघालं,” काकांनी पत्रक चार घड्या करून खिशात ठेवले. “उद्या तू चूक निघशीन. रात्रभर उभा आहो बाई. मी झोपतो.”

ते वळले. त्यांच्यामागे निम्म्याहून जास्त माणसे वळली. सातआठ जण आत गेले आणि डबे हातात धरून रांजणापाशी उभे राहिले. ड्रमवाला वाजवताना सारखा फाटकाकडे पाहत होता. त्याने काका जाताना पाहिले. त्याचा ताल चुकला नाही, पण त्यानंतर त्याने मान वर केली नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याच्याकडे गेले. तो ड्रमचे स्क्रू सैल करत होता. मी सगळे सांगितले. त्याने काम थांबवले नाही.

“परत गेले ते काका माह्या बाजूच्या मागावर होते, मी पहिल्यांदा गिरणीत लागलो तवा,” तो म्हणाला. “त्यायनंच मले काम शिकवलं.” पुढच्या स्क्रूला हात घालत म्हणाला, “कूलरवाल्याचं तू बरोबर लिहिलं. भरोसा आमालेही नाही त्याचा. शाळेचं मैदान त्यानंच मिळवून दिलं, दुसरं कोनी देत नव्हतं. पन टायमाचं विचारलं असतं तर सांगितलं असतं ना. मी रोज दुपारपर्यंत घरीच असतो.”

मी दुसरे पत्रक लिहिले. मजकूर जुळवताना बाबा म्हणाले, “चूक झाली असं सांगणारं पत्रक मी आजपर्यंत जुळवलं नाही.” कूलरवाल्याचा परिच्छेद मी त्यातही ठेवला होता. बाबांनी विचारले, ही माफी आहे का भांडण. मी म्हणाले, दोन्ही. या वेळी छापण्याआधी मी ते ड्रमवाल्याला त्याच्या घरी नेऊन दाखवले. त्याने एक शब्द बदलायला लावला. ‘महान कलावंत’ होते, तिथे ‘कामगार’ करवून घेतले.

पुढच्या सोमवारी सातला मी एकटी गिरणीच्या दारात उभी राहिले. भोंगा झाला, माणसे बाहेर यायला लागली. काका दिसले. मी पत्रक पुढे केले. त्यांनी ते घेतले, भिंतीच्या सावलीत गेले आणि उभ्याने सगळे वाचले. मग परत आले.

“हे विचारून लिवलं का?”

“हो. त्यालाच दाखवून.”

“त्याले मी विचारीन.” त्यांनी कागदाच्या घड्या केल्या. “अन् मैदान? पुन्हा देईन का तो कूलरवाला, हे वाचल्यावर?”

“नाही देणार.”

“मंग पोट्टे वाजवतीन कुठं?”

“ते त्यांनाच विचारते,” मी म्हणाले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहून घेतले, मी जाहिराती पाहते तसे, आणि घराकडे निघाले. मागून माणसे येतच होती. मी पुढच्याच्या हातात पत्रक दिले.