सीटखालचा डबा

ती केस आजही अगदी कालची वाटते. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. साताऱ्याकडे गॅरेजात हात काळे केले, मेहुण्याच्या आधाराने ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला आलो आणि इथल्या पोलिसांनी मला वर्दी दिली. ते उपकार विसरलो नाही. ती वर्दी कुणी काढून घेईल ही धास्तीही शेवटपर्यंत गेली नाही. प्रत्येक रिपोर्ट तीनदा वाचायचो.

फिर्यादी आपल्यातलेच होते. स्टीलच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर काका. जुन्या मोटारसायकलींच्या ड्रॅग रेसचा त्यांना नाद. सरळ रस्ता, पाव मैल, दोघांत आधी कोण पोचतो, बस्स. गाडी त्यांनी सहा वर्षं खपून घरीच बनवली होती. इंजिन भंगारातलं ब्रिटिश, फ्रेम स्वतः वेल्ड केलेली. शेडचं कुलूप तोडून कुणीतरी ती नेली. अशा गाडीला नंबरप्लेट नसते, कागदपत्रं नसतात. मी काकांकडून पार्टांची यादी लिहून घेतली. दोन पानं भरली.

चार महिन्यांनी खबर लागली. जुने पार्ट विकणाऱ्या एकाने फोन केला की ब्लॅकटाउनला एका शेडमध्ये तशीच गाडी आहे, रंग तेवढा निळा. आम्ही गाडी आणि त्या शेडचा मालक, दोघांनाही स्टेशनला आणलं.

माणूस एकदम थंड. "मी स्वतः बनवली, मेट." इंजिनचा नंबर घासलेला. यादीतलं जे जे ओळखू येण्यासारखं होतं, ते त्याने बदललेलं. आमची सार्जंट म्हणाली, "तीनपर्यंत काही दाखव, नाहीतर गाडी त्याला परत द्यावी लागेल."

काका-काकू बाहेर बसले होते. गाडी बघून काका उठलेच. "माझीच आहे!"

"काका, नुसतं म्हणून भागत नाही. यादीत नसलेलं काही आहे का तिच्यात?"

काकांनी काकूंकडे पाहिलं, मग फरशीकडे. "छे. काही नाही."

नोकरीत एक गोष्ट शिकलो होतो. लपवणारा माणूस ज्याच्यापासून लपवतो, त्याच्याकडे आधी बघतो. काका पोलिसाकडे बघतच नव्हते.

मी सरळ गाडीखाली आडवा झालो. इंजिनातून येणारं तेल ट्रॅकवर सांडू नये म्हणून सीटखाली एक डबा असतो. त्याचं बूड तेलकट होतं. रुमालाने पुसलं तर अंगठ्याला ठिपके लागले. टॉर्च मारला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात तसं, टोच्याने ठिपक्याठिपक्यांत कोरलेलं, मराठी अक्षरांत बाईचं नाव. खाली 'मामांकडून'.

परत आत त्या माणसाकडे गेलो. "सीटखालचा डबा कुठला?"

"मीच बनवला. पत्रा कापून."

"आणि बुडाला ठिपके?"

"ग्रिपसाठी. घसरू नये म्हणून मारले."

"मग वाचून दाखव."

त्याने तिथल्या तिथे वकील मागितला.

मुद्देमालाची ओळख पटवायला मी काकूंना बोलावलं.

"अगंबाई! माझा लाडवांचा डबा! रुखवतातला! अहो, तुम्ही तर म्हणालात घर बदलताना हरवला!"

"अगं, अगदी मापाचा होता गं," काका पुटपुटले.

"मापाचा! आणि मी वेडी झाकण सांभाळत बसले इतकी वर्षं!"

"काकू," मी विचारलं, "झाकण आहे अजून?"

काकू बसल्या जागेवरून उठल्या, थेट घरी गेल्या आणि पावणेतीनला झाकण घेऊन हजर. त्यावरही तेच नाव. काकांनी लेथवर बनवलेलं टोपण मी काढलं, काकूंचं झाकण बसवलं. टप्प आवाज झाला. सार्जंटने हसून शाबासकी दिली. "गुड ऑन या. आता नीट लिही."

नीट लिहिलं. चारदा वाचलं.

खोटं फक्त आरोपीच बोलतो असं मी तोवर धरून चाललो होतो. चोरीच्या यादीतून फिर्यादी जे गाळतो, त्याच्यावरच कधीकधी सगळी केस उभी असते. त्यानंतर नवरा-बायकोचे जबाब मी कायम वेगवेगळे घेतले.

पुढच्या रेसला काकांनी बोलावलं. गाडी पाव मैल अशी सुटली की कानठळ्या बसल्या. सीटखाली ॲल्युमिनियमचा नवा डबा होता. जुना काकूंच्या मांडीवर, झाकणासकट. त्यातला बेसनाचा लाडू त्यांनी माझ्या हातावर ठेवला. किती घासला असेल तो डबा, तरी लाडवाला इंजिन ऑइलचा वास येत होता.

मी दोन खाल्ले.