पळीभर औषध

आमच्या घरात देवावरचा विश्वास कुणाचा उडेल असं कुणी विचारलं असतं, तर मी माझंच नाव सांगितलं असतं. सासूबाईंचं तर मनातही आलं नसतं. पण एका सकाळी त्यांनीच पळी आणि पंचपात्र जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलं आणि माळ्यावर टाकून दिलं. घाटकोपरच्या चाळीतल्या आमच्या त्या एका खोलीत त्यानंतर काही महिने देव होते, पण पूजा नव्हती. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. कुणाला काही पटवून द्यायला मी बसलेली नाही. जसं घडलं तसं सांगते.

सासूबाईंना आम्ही आई म्हणायचो. लग्न होऊन कोकणातून आल्या तेव्हा सोबत देवीचा टाक आणि तांब्याची पळी घेऊन आल्या होत्या. घरात कुणासाठीही औषध आलं की बाटली आधी देव्हाऱ्यात जायची. तिला अंगाऱ्याचं बोट लागल्याशिवाय बूच उघडायचं नाही, हा त्यांचा नेम. मी थट्टा करायची, की आई, खोकला देवीला झालाय का घरातल्या माणसांना? त्या हसून सोडून द्यायच्या. माझी नोकरी विद्याविहारला एका कंपनीच्या पॅकिंग खात्यात. आमची सुमी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती आणि दिवसभर आजीच्या पदराला धरून असायची. सकाळी पूजा आटोपली की ती ओंजळ पुढे करून उभी राहायची. आई तिला पळीनं तीर्थ द्यायच्या. अर्धं तोंडात, अर्धं फ्रॉकवर.

पावसाळा संपता संपता सुमीला खोकला लागला. यांनी नाक्यावरच्या दुकानातून खोकल्याचं औषध आणलं. डॉक्टरची चिठ्ठी कुणी मागितली नाही, तेव्हा मागतही नसत. सगळी चाळ तीच गोड बाटली घ्यायची, बापही आणि पोरंही. दुकानदारानं लहान पोराला छोटा अर्धा चमचा सांगितला होता, तेवढा निरोप घरी पोचलाही होता. पण देवीपुढून उचललेल्या बाटलीला स्वयंपाकाचा चमचा लावणं आईंच्या जिवावर आलं. त्यांनी तीर्थाची पळी घेतली. देवाच्या पळयेन दिला तर बाधाचा नाय, असं त्या नंतर हॉस्पिटलात रडत सांगत होत्या. पळी पुढे आली की सुमी तोंड उघडायची, ती सवयच होती तिची. औषध पोटात गेलं की पोर शांत झोपायची. आईंना वाटलं, देवीनं गुण दिला. म्हणून ती खोकली की त्या आणखी एक पळी द्यायच्या आणि हात जोडायच्या.

शनिवारी मला अर्धा दिवस असायचा. घरी आले तर सुमी झोपलेली. आई कौतुकानं म्हणाल्या, सकाळपासून एकदाही खोकली नाही. मी तिला जेवायला उठवायला गेले, तर मान एका बाजूला पडली. गालावर चापट मारली, पाणी शिंपडलं, तरी डोळे उघडेनात. मग काय झालं ते मला धड आठवत नाही. रिक्षात सुमी माझ्या मांडीवर होती, आणि शेजारी आई बाटली अन् पळी दोन्ही पदरात घट्ट धरून बसल्या होत्या.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी ती पळी हातात घेतली आणि पाण्यानं भरून मापात ओतून पाहिली. ते रागावले नाहीत. यात गुंगीचं औषध असतं, एवढ्यानं मोठ्या माणसालाही झोप येईल, एवढंच म्हणाले. पोरीला सलाइन लावलं, नाकाशी ऑक्सिजनची नळी आली, आणि श्वासाकडे लक्ष ठेवा म्हणून आम्हाला बजावलं. आई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी कितीदा सांगितलं तरी त्या खाटेजवळ आल्या नाहीत.

शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता, शाळेत जायच्या वयाचा. बाळू म्हणून त्याची आई त्याला हाक मारायची. त्याच्या छातीत पाणी झालं होतं. बाई मुलुंडच्या बाजूला राहणाऱ्या, नगरकडच्या. आमचं सगळं रडणं त्यांनी ऐकलंच होतं. दिवेलागणीच्या सुमाराला मी यांना निरोप पाठवायला फोन शोधत खाली गेले. सिस्टर पलीकडच्या वॉर्डात होत्या. आई खाटेकडे पाठ करून उभ्या होत्या, त्यांना बघवत नव्हतं. तेवढ्यात सुमीचा श्वास थांबला. ते पाहिलं त्या बाईंनी. स्वतःच्या मुलाचा हात सोडून त्या धावल्या, सुमीच्या तळव्यांवर टिचक्या मारत, तिला हलवत, सिस्टरना हाका मारत राहिल्या. मी वर आले तेव्हा डॉक्टर आमच्या खाटेभोवती होते आणि सुमी बारीक आवाजात कण्हत होती. ते कण्हणं मला आजही ऐकू येतं, आणि आजही माझे हात आपोआप जोडले जातात.

सकाळी सुमीनं डोळे उघडले. त्याच सकाळी बाळू गेला.

हे मला कधी नीट सांगता आलेलं नाही. लोक म्हणतात, देवानं तुझी मुलगी राखली. राखलीच. पण मग शेजारच्या खाटेवर देव नव्हता का? त्या बाईंनी आमच्याकडे पाहिलं म्हणून त्यांचं काही राहून गेलं का, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. तसं काही नाही, त्या मुलाचं आधीच अवघड होतं, असं ते म्हणाले. तरी माझ्या मनाची तगमग थांबली नाही.

निघताना त्या बाई आमच्या खाटेशी थांबल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा उरलं नव्हतं. सुमीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भिंतीशी उभ्या असलेल्या आईंना म्हणाल्या, "आजी, आमच्यात देवाधर्माचं काही करत नाहीत. पण तुमची पोर तुमच्याजवळ आहे. तिला घ्या. हात रिकामे ठेवू नका." आम्ही त्यांचं नावही विचारलं नाही. विचारायचं कसं?

पण आईंनी सुमीला घेतलं नाही. "ह्या हातान आता माका देवाक शिवूचा नाय," म्हणाल्या, आणि पोरीलाही शिवणं सोडलं. कोपऱ्यात बसून राहायच्या. सुमी सकाळी त्यांच्यासमोर जाऊन ओंजळ करून उभी राहायची आणि त्या तोंड फिरवायच्या. माझी जीभ तिखट आहे, पण त्या दिवसांत मी त्यांना एक शब्द बोलले नाही. बोलायला जागाच त्यांनी ठेवली नव्हती.

थंडीत सुमीला पुन्हा ताप आला. या वेळी डॉक्टरांचं औषध होतं आणि बाटलीबरोबर खुणा केलेलं छोटं झाकण. मी मापून झाकण तिच्या तोंडाशी नेलं, तर तिनं दात घट्ट मिटले. हे पुढे आले, त्यांनाही जुमानलं नाही. शेवटी ती माझ्या हातातून निसटली, कोपऱ्यात आजीसमोर गेली आणि तोंड उघडून उभी राहिली. जशी पळीसाठी राहायची तशीच.

आईंनी दोन्ही हात पदराला पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "किती घालू, सांग गो." मी भरलेलं झाकण त्यांच्या हातात दिलं, खूण दाखवली. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पोरीला पाजलं. मग सुमीला छातीशी धरून अशा रडल्या, की शेजारच्या बायका आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पळी माळ्यावरून खाली आली. औषधाला ती पुन्हा कधी लागली नाही. बाटली देवीपुढे ठेवायची, अंगारा लावायचा, आणि मग सांगितलेल्या मापानं द्यायचं, असा नवा नेम झाला. शरण जाणं म्हणजे डोळे मिटणं नव्हे, एवढं मला त्यातून उमगलं. आणि एक नवीन झालं. सुमीला तीर्थ द्यायच्या आधी आई एक पळी भरायच्या आणि दारातल्या तुळशीत घालायच्या. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

आई जाऊन आता खूप वर्षं झाली. शेवटच्या दिवशी त्यांना पाणीही गिळवत नव्हतं, तेव्हा सुमीनंच त्याच पळीनं त्यांच्या ओठांवर तीर्थाचे थेंब सोडले. मग ती उठली, पळी पुन्हा भरली आणि तुळशीकडे गेली. मी मागून विचारलं, ही कुणाची गं?

"बाळूदादाची," ती म्हणाली. "आजीनं सांगितलंय, त्याची आधी घालायची. मी आज विसरले."